वहिनीनं फेडलेलं सरकारी कर्ज

सरकार स्वतःच स्वतःला कर्ज देतं आणि मग हप्ते थकले म्हणून स्वतःलाच पत्रं धाडतं, हे मला नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. भिवंडीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले होते, अकाउंट्सला मार्कही बरे होते, पण असलं काही आमच्या पुस्तकात नव्हतं. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांपासून हाकेच्या अंतरावर पर्यटन खात्यानं यात्री निवास बांधलं, तेव्हा निम्मे पैसे अनुदान म्हणून आले आणि निम्मे कर्ज म्हणून. देणारंही सरकार, घेणारंही सरकार. या खिशातून त्या खिशात. मग हप्ता कुणी भरायचा? तर निवासानं. म्हणजे खोल्यांचं भाडं, न्हाणीघराचं तिकीट आणि कॅन्टीनमधले वडे, यांच्या जिवावर. हे ठरवणाऱ्यानं ते वडे खाल्लेले नसणार.

मी तिथे ऑफिसात पावत्या फाडायला होते आणि माझी वहिनी, म्हणजे थोरल्या दादाची बायको, बायकांच्या न्हाणीघरात. दोघींना नोकऱ्या लागल्या त्या एकाच कारणानं. निवास उभं होतं ती जागा वहिनीची, तिच्या माहेरची. वहिनीला भाऊ नव्हता. आईमागे ती नदीकडची पट्टी तिच्या नावावर झाली होती. थंडीत तिथे वाल व्हायचे, आणि त्या वालाच्या शेंगांची आठवण वहिनी वर्षभर काढायची. दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या पट्टीत. आम्ही राहायचो भिवंडीजवळच्या पूर्ण्याला. तिथून अकलोलीला जाऊन शेती कोण करणार? दोन-तीन वर्षं जागा पडीक होती. मग खात्याला जागा हवी असल्याचं दादाला कळलं, तो वहिनीला घेऊन भिवंडीच्या कचेरीत गेला, सही झाली, आणि येताना पेढे आणले. मी तेव्हा परीक्षेत होते. पैसे मिळाले त्यातून दादानं टेम्पो घेतला. पूर्ण्याला तेव्हा गोदामांवर गोदामं चढत होती, टेम्पोला काम पुष्कळ. घरच्या दोघांना निवासात लावून घेऊ असं खात्यानं म्हटलं होतं. लावून घेतलं. कायम मात्र दोघींनाही केलं नाही.

सकाळी आम्ही दोघी पूर्ण्याहून भिवंडी स्टँडवर यायचो आणि तिथून वज्रेश्वरीची एसटी धरायचो. पहिल्याच महिन्यात, गाडीत, वहिनीनं मला विचारलं, "बाय, त्या कर्जातलं किती फिटलं?"

"कुठल्या कर्जातलं?"

"आपल्या. निवासाच्या."

मला वाटलं, नवी नोकरी आहे, कौतुकानं विचारतेय. नंतर लक्षात आलं की बाईच्या डोक्यात भलतंच आहे. ती समजत होती, तिची जागा सरकारकडे गहाण आहे.

यात तिचं फार चुकत होतं असंही नाही. तिनं लहानपणी तेच पाहिलं होतं. तिच्या बापानं हीच पट्टी एकदा सावकाराकडे ठेवली होती. तिकडची रीत अशी की सावकारानं जमीन ताब्यात घ्यायची, तिचं पीक खायचं, आणि खाल्लेल्या पिकातून कर्ज फिटलं की जमीन मुकाट्यानं परत द्यायची. कागद नाही, कोर्ट नाही. सावकारानं काही वर्षं वाल खाल्ले आणि पट्टी सोडली. वहिनीनं ते डोळ्यांनी बघितलेलं. आता सरकारनं जागा ताब्यात घेतली होती, सरकार तिथलं उत्पन्न खात होतं, आणि त्या उत्पन्नातून कर्ज फिटत होतं, हे तर मीच तिला सांगितलेलं. तिच्या हिशेबात कुठेच खोट नव्हती. कर्ज फिटलं की जागा सुटणार.

"वहिनी, अगं, कर्ज इमारतीचं आहे. जागेचं नाही. जागा सरकारनं विकत घेतली."

"इकत घेतली आसती त कर्ज कशाला ऱ्हायलं आसतं?"

अनुदान, मुद्दल, व्याज, सगळं सांगून बघितलं. एसटीतल्या बायका ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, बरोबर बोलतेय ती, सरकारचा काय भरवसा.

निवास चालत नव्हतं. मुंबईच्या साहेबांच्या मनात होतं, शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या भरभरून लोक येतील, गरम पाण्यात डुंबतील, राहतील. लोक यायचे, नाही असं नाही. वज्रेश्वरीचं दर्शन घ्यायचे, उघड्या कुंडात फुकट अंघोळ करायचे, नदीकाठी डबा खायचे आणि परत जायचे. फुकट गरम पाणी समोर वाहत असताना आमच्या फरशीच्या न्हाणीघरात तिकीट काढून कोण शिरेल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा सगळा कारभार. हप्ता थकायचा. मुंबईहून पत्र यायचं. आमचे व्यवस्थापक साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, सज्जन माणूस. पत्र आलं की आधी ब्लडप्रेशरची गोळी घ्यायचे आणि मग पाकीट फोडायचे. एका पत्रात सरळच लिहिलं होतं की हप्ते असेच थकत राहिले तर निवास खासगी ठेकेदाराला देण्याचा विचार करावा लागेल.

हे वहिनीला कळलं आणि तिनं कंबर कसली. ठेकेदाराच्या घशात गेलं तर आपली जागा कुणाकडे मागायची, ही तिची भीती. पाहुण्यांच्या खोल्यांतले दिवे ती स्वतः जाऊन बंद करायची, पाहुणे आत असले तरी. डोंबिवलीचं एक नवीन जोडपं उतरलं होतं, त्यातल्या नवऱ्याला तिनं नळ सोडून दाढी करतो म्हणून झाडलं. "पानी काय तुझ्या बापाचं? कर्ज हाय याच्यावर!" तो तक्रार घेऊन आमच्या साहेबांकडे, म्हणजे व्यवस्थापकांकडे गेला. साहेबांनी तिला समज दिली आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "बाई निवासाला स्वतःचं घर समजून राबतात, हल्ली असं कोण करतं?" मी म्हटलं, साहेब, ती घर समजत नाही, शेत समजते. त्यांना ते कळलं नाही.

त्या गरम पाण्याला गंधकाचा वास आणि क्षार फार. हौदाच्या फरशीवर पांढरी खपली धरते, ती घासली नाही तर पाय कापतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढून हौद घासायचे. मुंबईच्या नियमाप्रमाणे सफाईचा वार शुक्रवार. शनिवारी पर्यटक येणार, तर आदल्या दिवशी स्वच्छता. ऐकायला किती छान. त्या दिवशी निवास बंद, आम्हा ऑफिसवाल्यांना सुट्टी, म्हणून आमचीही कुणाची तक्रार नव्हती. वहिनी मात्र शुक्रवारीही जायची, काथ्या आणि विटेचा तुकडा घेऊन हौदात उतरायची.

एका शुक्रवारी महिनाअखेरचं काम राहिलं म्हणून साहेबांनी मलाही बोलावलं होतं. दुपारी फाटकाशी गलका ऐकू आला. एक छोटा टेम्पो उभा होता, त्यात सगळ्या बुरख्यातल्या बायका, पोरं, डबे, पाण्याची भांडी. पुढे ड्रायव्हरशेजारी एक म्हातारी, गुडघ्यांना फडकी बांधलेली. वहिनी हातात काथ्या घेऊन फाटकात उभी.

"आज पानी निकाला है. कल आव," वहिनी म्हणाली.

"बाजी, कल कैसे आएँ? कल लूम चालू," म्हातारी म्हणाली. "जुम्मे के सिवा हमारे मर्दों को छुट्टी कहाँ? और आप लोग जुम्मे को ही ताला लगाते हो."

"मंग उदर कुंड पर जाव, फुकट है."

"वहाँ सब मर्द हैं. हम कहाँ कपड़े उतारें? सुना इधर औरतों का अलग है, दरवाज़ा बंद होता है, औरत ही देखती है. इसलिए तो आए."

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अख्खं गाव बाकीचे दिवस खडखडतं आणि शुक्रवारी एकदम शांत होतं, कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. आणि आमचं सरकारी निवास, भिवंडीपासून एसटीच्या एका तिकिटावर असलेलं, नेमकं शुक्रवारीच बंद! मुंबईच्या साहेबाला माहीत नव्हतं, साताऱ्याच्या साहेबांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण आम्हाला सुट्टी होती. टेम्पो परत गेला.

वहिनी ओल्या पायांनी तशीच ऑफिसात आली. "सायेब, गिऱ्हाईक दारातनं परत चाललंय. तिकिटाचं पैसं हातात घेऊन आल्त्या बायका."

"सफाईचा वार आहे ना बाई. नियम आहे."

"सोमवारी घासू. सोमवारी काय, कावलं पन फिरकत न्हाय इकडं."

"वार बदलायचा तर मुंबईची मंजुरी लागते."

"मंग मागा."

साहेबांनी मागितली. सरकारी काम आणि सहा महिने थांब. उत्तर आलं ते असं की, भिवंडी परिसरात शुक्रवारी सुट्टी असते याचा पुरावा जोडावा. आता अख्ख्या गावाच्या शांततेचा पुरावा कसा जोडायचा? साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, गोळी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल बहुधा, स्वतःच्या डोक्यानं ठरवलं. "प्रायोगिक तत्त्वावर चालू करू. विचारलं तर बघू." मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

पहिल्या शुक्रवारी दोनच रिक्षा आल्या. मग टेम्पो यायला लागले. एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात बातमी जायला वेळ लागत नाही. सकाळपासून बायका यायच्या, दुपारची नमाज झाली की आणखी यायच्या. पुरुष बाहेर झाडाखाली बसून वडे खायचे. आमच्या कॅन्टीनचे वडे संपले, हे मी त्या दिवसांतच पहिल्यांदा पाहिलं. मग आमच्याही बायका यायला लागल्या, पडघ्याच्या, कांबा-गणेशपुरीच्या, बाळंतीण लेकीला घेऊन, सांधे धरलेल्या सासूला घेऊन. दार बंद होणारं न्हाणीघर आणि आत बाईमाणूस, याची गरज काय फक्त बुरख्यातल्यांनाच होती? नदीवरच्या कुंडात ओल्या साडीनं सगळ्यांसमोर वर यावं लागतं, ते आम्ही काय हौसेनं करत होतो?

आत वहिनीचं राज्य. तिचं हिंदी ऐकण्यासारखं. "साबन न्हाय लगाने का! अय, तुमको बोली ना, साबन न्हाय! चलो, निकलो आता, दुसरी बायका खडी हाय." म्हातारीचे गुडघे मात्र स्वतः चोळून द्यायची. त्या तिला आपा म्हणायच्या. ईदला तिच्यासाठी डब्यातून शीरखुर्मा यायचा, तो ती एसटीत मला अर्धा द्यायची. दिवाळीत ती त्यांच्यासाठी करंज्या घेऊन गेली.

हप्ता वेळेवर गेला. मग थकलेलेही जायला लागले. मुंबईहून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं, त्यात 'आपल्या कल्पक नियोजनामुळे' असं होतं. साहेबांना लाज वाटली असावी, त्यांनी वहिनीला स्वतःच्या पैशांनी साडी घेतली. वहिनीनं साडी ठेवून घेतली आणि विचारलं, "आता किती ऱ्हायलं?"

दर महिन्याला तिचा हा प्रश्न. भरणा करायला मी भिवंडीच्या बँकेत जायचे, आले की ती फाटकातच गाठायची. हौद घासून घासून तिच्या बोटांची कातडी सोललेली. सुट्टी म्हणून नाही घ्यायची. तिच्या सख्ख्या चुलतबहिणीच्या मुलीची हळद होती, शुक्रवारी. आम्हा आगऱ्यांत एकवेळ लग्नाला नाही गेलं तर चालतं, हळद चुकवली तर पिढ्यान् पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. वहिनी गेली नाही. संध्याकाळी उशिरा पोहोचली तर कुणी तिच्याशी धड बोललं नाही. एक आत्या म्हणाली, "सरकारची सून झाली ती आता." वहिनी हसली. परत येताना मला म्हणाली, "बोलूंदे गो. एकदा जागा सुटली ना, पुढच्या बाजूला वाल लावन. शेंगा यांच्याच घरी धाडन, तवा बघ कसं ग्वाड बोलतान."

मला राहवलं नाही. घरी आल्यावर दादाला गाठलं. तो टेम्पो धूत होता. म्हटलं, "दादा, तू तिला एकदा नीट समजाव. माझं ऐकत नाही ती. उगाच जीव मारतेय, तिला वाटतंय जागा परत मिळणार."

दादानं फडकं पिळलं. "राहू दे ना. तिच्या डोक्यात घुसलंय ते घुसलंय. मन लावून काम करते, चार लोक नाव काढतात, तुझं काय जातंय?"

मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला. तरी एसटीत एकदा भांडलेच मी तिच्याशी. "वहिनी, तू सही केलीस त्या कागदाला खरेदीखत म्हणतात. विकणं म्हणतात त्याला." ती म्हणाली, "तू व्हतीस का तिथं?" मी नव्हते. "मंग? मना म्हाईत हाय काय ठरलंय ते." इतकं ठाम बोलली की क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई काहीतरी, सरकारी योजना काय रोज नव्या निघतात.

आणि मग व्हायचं तेच झालं. निवास तोट्यात होतं तोवर ठेकेदाराला देण्याची नुसती धमकी होती, कारण घेणार कोण? आता नफ्यात आल्यावर घेणारे रांगेत उभे राहिले. ज्या नफ्यासाठी बाईनं हात सोलून घेतले, त्या नफ्यानंच निवास विकायला काढलं. मुंबईत निविदा निघाली, ठाण्याच्या एका बिल्डरला लांब मुदतीनं चालवायला दिलं. त्यानं एकरकमी पैसे भरले आणि त्यातून उरलेलं सगळं कर्ज एका फटक्यात वळतं झालं. साहेब ते पत्र घेऊन स्वतः न्हाणीघराच्या दाराशी गेले. खूश होते बिचारे. "बाई, अभिनंदन! आपलं कर्ज पूर्ण फिटलं."

वहिनी पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं, परत पुसलं. मला हाक मारली. "बाय, खरं?"

"खरं आहे, पण ऐक…"

पण पुढचं तिनं ऐकलं नाही. मी सांगत होते, ठेकेदार येणार, आपली नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, जागेचा काही संबंध नाही. ती मान हलवत होती आणि हसत होती. असं हसताना मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मला रडायला आलं आणि तिला वाटलं, आनंदानं रडतेय.

हस्तांतराचा कार्यक्रम ठेवला होता. पुढच्या हिरवळीवर मांडव, खुर्च्या, मुंबईचे मोठे साहेब, पांढऱ्या बुटांतला ठेकेदार. वहिनी लग्नातली हिरवी साडी नेसून आली. दादाला ट्रिप होती, गोदामातला माल होता, पोटात दुखत होतं, सगळी कारणं झाली. ती त्याला घेऊनच आली. तो मांडवाच्या कडेला, मागे उभा राहिला.

मोठे साहेब चांगलं बोलले. म्हणाले, शासनाचा पैसा परत करणारी सोय विरळा, हे निवास आज खऱ्या अर्थानं कर्जमुक्त झालं. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा वहिनी उठली होती आणि खुर्च्यांमधून पुढे चालली होती.

"सायेब, कर्ज फिटलं ना?"

"हो बाई, फिटलं. तुमच्यासारख्या कष्टाळू…"

"मंग माझ्या जागंचा कागद द्या."

साहेब व्यवस्थापकांकडे बघायला लागले. व्यवस्थापक माझ्याकडे. मी धावले, तिचा दंड धरला, "वहिनी, चल, नंतर बोलू." तिनं हात सोडवून घेतला. रागानं नाही, समजुतीनं.

"थांब बाय. तुला म्हाईत न्हाय." मग मागे वळून, मांडवाच्या कडेला बघत, मोठ्यानं म्हणाली, "अवं, या ना पुढं. सांगा ना यांना. सईच्या येलंला तुमीच बोल्लं व्हतं ना मना? इकत न्हाय, गहान ठेवतोय. कर्ज फिटलं का जागा तुझी तुला. सांगा ना."

सगळे दादाकडे बघत होते. दादा चपलेकडे बघत होता.

"अवं, बोला ना."

"सही हवी होती तेव्हा," दादा म्हणाला. इतकंच. तेही खाली बघून.

मला वाटत होतं, बापाच्या आठवणीवरून वहिनीनं हे सगळं मनानं रचलं. आमच्या घरात याची चेष्टा व्हायची. 'वहिनीचं गहाण' म्हणून हसायचो आम्ही, दादाही हसायचा. सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा. माझं डोकं असं सणकलं की पुढचं मला नीट आठवत नाही. मोठे साहेब हलक्या आवाजात "घरगुती मामला दिसतो" म्हणाले आणि ठेकेदारानं त्यांना फराळाच्या टेबलाकडे नेलं, हे आठवतं. वहिनी रडली नाही. ओरडली नाही. दादाकडे बघत उभी राहिली. मग न्हाणीघराकडे गेली आणि दार आतून लावून घेतलं.

ती त्या दिवशी परत जाताना दादाच्या टेम्पोत बसली नाही. अकलोलीतच तिची एक मावशी होती, तिच्याकडे राहिली. मग तिथेच एक खोली भाड्यानं घेतली. ठेकेदारानं मला काढलं, त्याचा स्वतःचा माणूस होता पावत्यांना. वहिनीला ठेवलं, कारण शुक्रवारच्या बायका फाटकातच विचारायच्या, आपा है ना? नसेल तर टेम्पो वळवायच्या. पगार आधीपेक्षा कमी.

दादाला मी नको नको ते बोलले. तो म्हणायचा, पैसा काय मी एकट्यानं खाल्ला? टेम्पोवर तुझं शिक्षण नाही झालं? घरात अन्न नाही शिजलं? आणि हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त संताप यायचा. चारदा निरोप धाडून झाले, मग मीच तिला आणायला गेले. शुक्रवार होता. ती न्हाणीघराच्या पायरीवर बसली होती, आत पोरींचा दंगा चालला होता. मला बघून तिला बरं वाटलं. चहा मागवला, दोघी प्यायलो. माझ्या नव्या नोकरीचं विचारलं, एसटीची गर्दी विचारली.

मग मी म्हटलं, "वहिनी, दादाचं चुकलंच. मी त्याची बाजू घेऊन आले नाही. पण तू इथे अशी भाड्याच्या खोलीत किती दिवस राहणार? चल, घरी चल."

तिनं कप खाली ठेवला. "कुनाच्या?"

'आपल्या' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. पूर्ण्याचं घर दादाच्या नावावर आहे. त्याआधी बाबांच्या नावावर होतं. बाबा गेल्यावर हक्कसोडपत्राच्या कागदावर मीही सही केली होती. दादानं बोट ठेवलं, तिथे.